पट्टेवाला येणार असल्याने रजा मिळावी

"शिमग्याच्या सुमारास पट्टेवाला येणार असल्याने अर्जदारास पंधरा दिवसांची रजा मिळावी, ही नम्र विनंती."

हा अर्ज माझ्या टेबलावर आला तेव्हा मला इंदापूरच्या त्या सरकारी ऑफिसात लागून जेमतेम दोन महिने झाले होते. नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं. आवक-जावक माझ्याकडे. मी अर्ज दोनदा वाचला. खाली वळणदार सही आणि सहीखाली हुद्दा: पट्टेवाला. आता पट्टेवाला येणार म्हणून पट्टेवालाच रजेवर चालला, हे काय प्रकरण? मला वाटलं, बारामतीची नवी पोरगी आलीय म्हणून माझी फिरकी घेतायत. मी तरातरा हेडक्लार्क भाऊसाहेबांपुढे जाऊन उभी राहिले.

"भाऊसाहेब, हे काय आहे?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मंजूर करायचा असतो. दरवर्षी येतो."

"कोण? पट्टेवाला?"

"अर्ज," भाऊसाहेब म्हणाले. "पट्टेवाला काय अजून आला न्हाय."

सगळं ऑफिस खो खो हसलं. दाराशी स्टुलावर बसलेला अर्जदारही हसला. तेच तात्या. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात असायचं. पन्नाशी ओलांडलेले, उंच, काटकुळे, उन्हाने रापलेले. चालायचे ते पाय फाकून. चहाचा ट्रे आणताना जमीन हलतेय अशा बेताने पावलं टाकायचे, पण कपातला थेंब बशीत सांडायचा नाही. सरकारने हुद्द्याचं नाव कधीच 'शिपाई' केलं होतं, तरी तात्या स्वतःला पट्टेवालाच म्हणवून घेत. जुना पितळी बिल्ल्याचा पट्टा त्यांनी जपून ठेवला होता. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला चिंचेने घासून, झळझळीत करून तो छातीवर घालायचे आणि झेंड्यापुढे साहेबांपेक्षा ताठ उभे राहायचे.

तात्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. मीही स्वेच्छानिवृत्ती घेऊन बारामतीत घरी बसलेय. पण पळस फुलले, की मला त्या माणसाची फार आठवण येते. इतकी येते की घरातले म्हणतात, बाईला शिमगा चढला. आमच्या घरी खरं तर शिमगा नाहीच. वडिलांनी धम्म घेतला तेव्हापासून आमची विहारातली पौर्णिमा तेवढी. पण तात्यांमुळे मला शिमगा लागला तो कायमचा.

त्यांच्या एकेक तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरायचा नाही. ऑफिसातल्या फायलींच्या लाल फिती गायब व्हायच्या. गठ्ठेच्या गठ्ठे उघडेबोडके पडलेले. एकदा साहेब भडकले, "फिती खातंय का कोण?" तात्या शांतपणे म्हणाले, "मी नेल्या, सायेब. मासं खात्यात." आणि खरंच तसं होतं. ती फीत उसवून तिचा लाल दोरा काढायचा. कोंबड्याच्या मानेची पिसं आणि मेंढीची लोकर त्या दोऱ्याने गळावर आवळून बांधायची. त्याला तात्या 'माशी' म्हणत. दुपारच्या सुट्टीत भाकरी आटोपली की स्टुलावर बसून, गुडघ्यात गळ धरून, एवढीशी जीभ बाहेर काढून माश्या बांधत बसायचे. बदलून गेलेल्या एकेका साहेबाच्या आठवणीला एकेक माशी. "ह्ये धाकलं सायेब. चमकत्यात लई, पर पाण्यात टिकत न्हाईत. आन ह्ये थोरलं. दिसाय गबाळं, पर मासा नेमका ह्येच्यावरच येतो."

माश्यांची परीक्षा व्हरांड्यात व्हायची. गळाचं टोक कानशीने छाटून टाकलेली एक माशी सरावाची म्हणून वेगळी ठेवलेली. साहेब दौऱ्यावर गेले की तात्या काठी काढायचे. निम्मी काठी अमेरिकेतली, निम्मी आपल्याकडच्या कळकाची, मधे तांब्याच्या तारेचा जोड. मेणचट जाड दोरी डोक्यावरून मागे जायची, पुढे जायची, आणि अंगणातल्या ठरवलेल्या खड्यावर माशी अलगद उतरायची. एकदा विजेच्या तारेवर बसलेल्या वेड्या राघूने झेप घेतली आणि ती माशी हवेतच चोचीत धरली. घेऊन तारेवर बसला, आपटून बघितली, लोकर लागली तशी थुंकून दिली. तात्या आनंदाने ओरडले, "पास झाली! माशी पास झाली, क्लार्कबाई!" मला ते पहिल्या दिवसापासून क्लार्कबाई म्हणत. मी तेवीस वर्षांची. ते ऐकलं की मला उगाच ताठ बसावंसं वाटायचं.

आणखी एक खोड होती. पावसाळ्यात आमच्या ऑफिसात रोज सकाळी फोनवरून ठिकठिकाणच्या पावसाचे आकडे यायचे. मी ते वहीत लिहायची. तात्या चहाचा कप ठेवता ठेवता विचारायचे, "सुपं किती?" आता सुपे बारामती तालुक्यातलं, आमच्या वहीचा आणि त्याचा काही संबंध नाही. मी म्हणायचे, "सुपं आपल्यात येत नाही, तात्या." तरी दुसऱ्या दिवशी कप ठेवताना पुन्हा, "सुपं किती?" शेवटी कंटाळून मी बारामतीला वेगळा फोन लावायला लागले. सुप्याला पाऊस कमीच. "सुपं निरंक," असं सांगितलं की तात्यांचं तोंड उतरायचं आणि त्या दिवशी माश्या बांधणं नाही. चार थेंब पडले असले की मग काय, साहेबांनाही खुशीत दोनदा चहा. मला वाटायचं, तिकडे जमीन असेल थोडीफार.

"जमीन कसली," भाऊसाहेब एकदा हळू आवाजात म्हणाले. "बायको हाय तितं. टाकून गेली त्येला. जहाजावर व्हता तवाची गोष्ट."

जहाजाची गोष्ट मात्र तात्या स्वतः सांगायचे. बायकोचं नाव काढायचे नाहीत, पण जहाज म्हटलं की खुलायचे. बाप पळसदेवच्या बाजूला मेंढरांमागे हिंडला. तात्या मुंबईला पळाले, गोदीत लागले आणि गोदीतून जहाजावर. इंजिनाला तेल घालायचं काम. लग्न झालं, त्यानंतर वर्षभराने त्यांचं जहाज अमेरिकेच्या एका गावच्या धक्क्याला लागलं आणि तिथेच अडकलं. मालक बुडाला होता. कोर्टाने जहाज धरून ठेवलं. निकाल लागेस्तोवर माणसांनीही हलायचं नाही. दोन हिवाळे तात्यांनी त्या धक्क्यावर काढले.

"रोज उठायचं आन इचारायचं, निकाल लागला का? न्हाय. जेवायचं आन झोपायचं. निकाल लागला की सुटलो, एवढंच डोस्क्यात. याड लागलं असतं, क्लार्कबाई. पर तो म्हातारा भेटला."

म्हातारा तिथलाच, धक्क्यालगतच्या दलदलीत मासे धरायला यायचा. भरती लागली की कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात उभा राहून दोरी डोक्यावरून फिरवायचा. तात्या काठावर बसून बघायचे. याला त्याची भाषा येत नाही, त्याला याची. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने काठी यांच्या हातात दिली. कसला मासा, असं तात्यांनी खुणेने विचारलं, तेव्हा त्याने आपल्या पट्ट्यापट्ट्यांच्या स्वेटरवर बोट ओढून दाखवलं. तात्यांनी मनाशी मराठी करून टाकलं: पट्टेवाला.

"हिवाळाभर दर्यात कुठं दडून बसतो कुणाला ठावं न्हाय. शिमग्याच्या टायमाला, पाणी हाताला चावायचं कमी झालं, की किनाऱ्याला लागतो. मग नदीच्या तोंडातनं वर, गोड्या पाण्यात येतो, पिलं सोडाय. बाळंतपणाला माहेरी येत्यात तसं. चांदीवाणी आंग, आन त्येच्यावर काळं पट्टं, आखून दिल्यागत. पयला पट्टेवाला धरला न्हवं मी, तवा म्हातारा माझ्या गळ्यात पडून रडला. का रडला, ते इचारता बी येईना."

निकाल लागला, तात्या सुटले. निघताना म्हाताऱ्याने आपली काठी आणि दोरीचं चाक यांना देऊन टाकलं. तेव्हापासून दर शिमग्याला तात्या रजा काढून पळसदेवला, उजनीच्या पाण्यावर जाऊन उभे राहायचे. गावातले कोळी पोट धरून हसायचे. जाळं टाकलं की पाटीभर मासा, आणि हा माणूस अख्खा दिवस काढून एक चिलापी घरी नेतो.

"तात्या, तुमचा पट्टेवाला इथे कसा येईल? गोडं पाणी, धरणाचं," मी एकदा म्हणाले.

"मला काय ठावं न्हाय व्हय?" तात्या म्हणाले. "तो यायचा न्हाय. पर दिस त्येच हायती. ह्या दिसांत मला घरात बसवत न्हाय."

दुसऱ्या वर्षी त्यांच्या रजेत मी एका रविवारी त्यांच्याकडे पळसदेवला गेले. म्हटलं, बघू तरी. पाणी उतरायला लागलं होतं. काठाला भेगाळलेला चिखल, पलीकडे लांब पायांचे गुलाबी पक्षी माना खाली घालून उभे. तात्या मांडीएवढ्या पाण्यात. मलाही त्यांनी पाण्यात ओढलं, साडीचा काचा मारायला लावून. माझी पहिली फेक बाभळीत, दुसरी माझ्याच अंबाड्यात. तिसऱ्या वेळी दोरी चाबकासारखी फाडकन वाजली आणि माशी तुटून कुठे गेली ते कळलंच नाही.

"घाई," तात्या म्हणाले. "मागची दोरी पुरती सरळ होऊ द्यायची, मग पुढं. तुमी शिकल्याली माणसं मागं बगतच न्हाई."

"तुम्ही बघता?" मी तोंडाळच. जीभ उचलली आणि टाळ्याला लावली. "सुप्याला जाऊन आलात का कधी?"

तात्या दोरी गुंडाळत राहिले. मला वाटलं, आता पाण्यातून हाकलतात.

"एकदा गेलतो," ते म्हणाले. "जहाजावनं आलो तवा. ती भाईर आली न्हाय. दोन वर्सं बाईमाणसानं किती वाट बघायची? कंटाळली असंल. तिचं बी बरोबर हाय." मग माझ्या हातातली काठी काढून घेत म्हणाले, "पर तिनं दुसरं लगीन केलं न्हाय, क्लार्कबाई. ऐकून हाय मी. म्हणून आपलं वाटतं."

काय वाटतं, ते त्यांनी सांगितलं नाही. मी तुटलेली माशी चिखलात शोधायला लागले.

त्याच्या पुढच्या वर्षी, माघात, सुप्याला माझ्या मावसबहिणीचं लग्न निघालं. मावशी म्हणाली, ब्लाउज इथेच शिवून घे, आमच्या गल्लीतल्या आक्का छान शिवतात. मी कापड घेऊन गेले. आक्का पंचेचाळीसच्या आसपास, गोऱ्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, तोंडात दोऱ्याचं टोक. एका खोलीत मशीन, तिथेच चूल. खांद्याला टेप लावता लावता त्यांनी विचारलं, "नोकरी कुठं करतीस?"

"इंदापूरला." मी ऑफिस सांगितलं.

टेप खांद्यावर तसाच राहिला. "तितं एक पट्टेवाला हाय का? दर्यावर जाऊन आलेला?"

मी वळून बघितलं. मला झटकन कळलं, आणि कळलं हे त्यांनाही कळलं.

"आहेत," मी म्हणाले. "चांगले आहेत. तुमच्याकडे पाऊस किती पडला ते रोज विचारतात."

आक्का खाली बसल्या. मशीनचा खण ओढून त्यांनी तळातून एक निळा, घडीवर फाटलेला कागद काढला. परदेशातून यायचं तसलं पत्र. "तू शिकल्याली हायस. वाच बरं. मला वाचाय येत न्हाय. तवा दिरानं वाचून दाखवलं व्हतं. पुन्ना कुणाकडनं वाचून घ्यायला लाज वाटली."

मी वाचलं. मोठ्याने वाचलं. पत्र वीतभरच होतं:

"मी खुशाल आहे. इथे बर्फ आहे. शिमग्याला पट्टेवाला येतो. तोवर निकाल लागेल असे म्हणतात. निकाल लागला की मी सुटलो. माझी वाट बघत बसू नको. तुझं तू बघून घे."

आणि मी हसले. काय सांगू, आजही अंगावर काटा येतो. 'पट्टेवाला' वाचलं आणि माझ्या डोळ्यांपुढे चांदीसारखा मासा आला, स्वेटरवर बोट ओढणारा म्हातारा आला, आणि मला खळखळून हसू फुटलं. मग समोर बघितलं. आक्कांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हास," त्या म्हणाल्या. "सगळा गाव हसला व्हता. त्या वर्सी धरणाच्या नोटिसा घेऊन पट्टेवालं यायचं. पट्टेवाला दारात आला की घर गेलं, आसं व्हतं बग. दीर म्हणला, वयनी, दादानं फारकतीचा दावा लावलाय. शिमग्याला कोर्टाचा पट्टेवाला नोटीस घेऊन यील. माझं नाव दारात पुकारायच्या आत मी उठले आन हितं भावाकडं आले."

"आक्का, अहो, नाही," मी म्हणत होते, पण त्या थांबेनात.

"मग आला की एकदा तोंड घेऊन. माझा भाऊ दारात आडवा झाला. म्हणला, लागला का निकाल? तर म्हणतोय कसा, लागला, सुटलो एकदाचा! मी आत चुलीफुडं बसून ऐकलं ह्या कानांनी. हसत म्हणला."

मी त्यांचे हात धरले. म्हटलं, आक्का, निकाल जहाजाचा होता. जहाज कोर्टाने धरलं होतं, त्याचा निकाल. सुटलो म्हणजे तिथून सुटलो, घरी आलो. वाट बघू नको, तुझं तू बघून घे म्हणजे माझ्यासाठी खोळंबू नको, शेताचं, पेरणीचं तू बघ, असं असणार. आणि पट्टेवाला, आक्का, पट्टेवाला हा मासा आहे. तिकडचा मासा. अंगावर पट्टे असतात, म्हणून हे त्याला पट्टेवाला म्हणतात. आजसुद्धा म्हणतात.

"मासा?" आक्का म्हणाल्या.

"मासा."

"बावीस वर्सं, मासा व्हता?"

बाहेर गल्लीत लग्नघरचा बँड सराव करत होता. आक्का त्या निळ्या कागदाकडे बघत राहिल्या, मग विचारलं, "केवढा असतो?"

मी दोन्ही हात पसरून दाखवलं. त्यांनी ते अंतर नीट बघून घेतलं. आणि मग एकदम भडकल्या. माझ्यावर, दिरावर, भावावर, आणि सगळ्यात जास्त तात्यांवर. "लिव्हता येत न्हवतं व्हय नीट? मासा म्हणून लिव्हाय काय झालतं? आन आल्यावर दारातनं माघारी गेला, भावाला ढकलून आत याय काय झालतं? इचारायचं न्हाय, का आलीस म्हणून?" शेवटी आवाज खाली आला. "मी तरी कुठं इचारलं."

निघताना त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. "त्यास्नी सांगायचं न्हाय. माझ्याजवळ राग तरी व्हता, त्येच्यावर दिस काढलं. आता त्यो बी न्हाय. त्यास्नी कळलं तर त्यास्नी दिस कशावर काढायचं? मला इचार करू दे."

ब्लाउज दोन दिवसांनी मिळाला. घालायला गेले तर दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या. मी तो तसाच ठेवून दिला. दुसऱ्या ब्लाउजवर लग्न केलं, म्हणजे बहिणीचं. तो अजून माझ्या ट्रंकेत आहे.

ऑफिसात परत आले. तात्यांनी चहा ठेवला. "सुप्याला गेलता न्हवं? पाणीबिणी हाय का तितं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आहे, बरं आहे." ते थांबले. अजून काहीतरी सांगेन म्हणून थांबले. मी आवक वहीत डोकं घातलं. माझ्या आयुष्यात इतकं गप्प बसण्याची वेळ पुन्हा आली नाही. दोन वेळा ओठांवर आलं, दोन वेळा मोरीत जाऊन तोंड धुतलं. आक्कांनी विचार करू दे म्हटलं होतं, आणि काय विचार करतील, कधी करतील, ह्या माणसाच्या जन्मात करतील की नाही, कुणास ठाऊक. मला तात्यांकडे बघवत नव्हतं. फाल्गुन लागला, नेहमीचा अर्ज आला, मी मान खाली घालून त्यावर आवक क्रमांक टाकला. तात्या काठी घेऊन गेले.

रजेचा सहावा की सातवा दिवस असेल. दुपारची वेळ. माझ्या टेबलापुढे सावली पडली. वर बघितलं तर आक्का. इरकली साडी, हातात पिशवी, चेहरा घामाने डबडबलेला.

"तितं ने मला," एवढंच म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. मी अर्ध्या दिवसाचा अर्ज खरडला, कारण काय लिहिलं ते आठवत नाही, आणि आम्ही स्टँडवर गेलो. एसटीत आक्कांनी पिशवी मांडीवर धरून ठेवली होती. खिडकीतून पळस बघत होत्या. पळसदेवच्या फाट्यावर उतरलो आणि शेतांच्या बांधाने पाण्याकडे चालायला लागलो, तेव्हा त्यांची पावलं जड झाली. मधेच थांबल्या. "चल माघारी जाऊ," म्हणाल्या. मीही त्यांच्याबरोबर थांबले. वडील शिकवायचे, दुसऱ्याच्या पावलावर आपलं वजन टाकू नये. त्या परत चालायला लागल्या.

तात्या आमच्याकडे पाठ करून मांडीएवढ्या पाण्यात उभे होते. अंगात गंजीफ्रॉक, डोक्याला पंचा. दोरी मागे येत होती, पुढे जात होती. आम्ही काठापासून पन्नासेक पावलांवर.

"किती वाळल्यात," आक्का म्हणाल्या.

मग हलक्या आवाजात हाक मारली, "अवो." वारा तोंडावर होता. शब्द आमच्याच अंगावर परत आला. पुन्हा जरा मोठ्याने, "अवो, ऐकलं का?" तात्यांपर्यंत काही पोचलं नाही. मला राहवेना. मी दोन्ही हात तोंडाला लावले, 'तात्या' म्हणून ओरडणार, तेवढ्यात आक्कांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"तू न्हाय."

मी थांबले. त्यांच्या पिढीच्या बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. लग्नात पाच बायकांनी अडवून धरलं असेल तेव्हा एकदा घेतलं असेल, तेही खाली मान घालून. नंतर बावीस वर्षं ते घ्यायची वेळच आली नाही. आणि 'अहो' म्हणून हाक मारायची, तर समोरच्या माणसाने आपण तिचे 'अहो' आहोत हे विसरून किती दिवस झाले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. वाटत होतं, बाई, आत्ता नाही तर परत नाही. तिन्हीसांजेपर्यंत अशाच उभ्या राहाल आणि शेवटची एसटी धराल.

आक्कांनी पिशवी खाली ठेवली. डोक्यावरचा पदर मागे पडला होता तो सावरायचाही राहिला. आणि त्यांनी नाव घेतलं. नुसतं नाव, पुढे राव नाही, मागे काही नाही. बेंबीच्या देठापासून घेतलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. आम्ही ऑफिसात कुणी ते कधी उच्चारलं नाही, आणि त्या दुपारनंतर ते माझ्या तोंडी शोभणार नाही.

तात्या वळले. उन्हं डोळ्यांवर येत होती, म्हणून कपाळावर हात धरला. मग पाणी तुडवत आले, काठावर पोचायच्या आधीच, घोटाभर पाण्यात थांबले. पुढे येईनात. आक्का चार पावलं खाली उतरल्या. मी तिथेच राहिले. मला वाटलं होतं, आता पत्र निघेल, निकाल निघेल, भाऊ निघेल, बावीस वर्षांचं सगळं बाहेर पडेल आणि मला दोघांच्या मधे पडावं लागेल.

"जेवलाव का?" आक्कांनी विचारलं.

तात्यांच्या हातातली काठी सुटून पाण्यात पडली. त्यांनी ती उचलली नाही.

"न्हाय," ते म्हणाले. "अजून न्हाय."